अर्धवट भरलेली स्प्रिंग

वीज उपकेंद्रात त्यांना सगळे थांबराव म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरी घेणाऱ्या कारकुनाशिवाय कुणाच्या तोंडी यायचं नाही. कुणी शिडीवर पाय ठेवला की ते म्हणायचे, "थांब." कुणी पाना उचलला की, "थांब." एकदा टोळीतला एक जण चहाचा कप ओठांना लावतच होता, तेवढ्यात हे सवयीने "थांब" म्हणाले. त्याने कप तसाच हवेत धरला आणि विचारलं, "का हो, आता चहालाही परमिट लागतं का?" सगळे पोट धरधरून हसले. थांबरावही हसले आणि मग म्हणाले, "कपात माशी आहे."

सव्वीस वर्षं त्यांनी ब्रेकर दुरुस्त केले. ब्रेकर म्हणजे दिव्याच्या बटणाचा थोरला भाऊ, असं ते घरी समजावून सांगत. बटण बोटाने दाबता येतं. पण इतक्या मोठ्या दाबाची वीज तोडायची तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत तोडावी लागते, म्हणून ब्रेकरला स्प्रिंगा असतात, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. एक मोटर त्यांना ताणून ठेवते. उपकेंद्राच्या यार्डात त्याला स्प्रिंग भरणं म्हणतात. टोळीत नवा माणूस आला की थांबराव त्याला आधी त्या स्प्रिंगांसमोर उभं करायचे. "वीज मारते हे तुला तुझ्या आईनेही सांगितलं असेल," ते म्हणायचे. "स्प्रिंग मारते हे मी सांगतो. वीज बंद केली तरी ही जागीच असते."

त्यांचा क्रम ठरलेला होता. ब्रेकरच्या दोन्ही बाजूंचे जोड उघडायचे, त्यांना कुलपं घालायची, किल्ल्या स्वतःच्या खिशात. तारा जमिनीशी जोडायच्या. मग मोटरचा पुरवठा बंद करायचा, आणि ब्रेकर एकदा जोडून एकदा तोडायचा, म्हणजे दोन्ही स्प्रिंगा रिकाम्या होतात. मोटर आधी बंद केली नाही तर ती बिचारी इमानेइतबारे स्प्रिंग पुन्हा भरून ठेवते. तिला काय ठाऊक, आत कुणाचा हात आहे!

त्या मोटरचं बटण कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर होतं. अंगठ्याएवढं बटण; खाली केलं की मोटर बंद, वर केलं की चालू. त्याला कुलूप घालायला जागाच नव्हती, नुसता लाल टॅग बारीक तारेने अडकवायचा. थांबरावांनी नोंदवहीत दोनदा लिहिलं होतं की बटणावर कुलूप बसेल अशी पट्टी मिळावी. पहिल्या खेपेला शेरा आला, "सूचना नोंदवली." दुसऱ्या खेपेला काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा ते स्वतः साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हता, कामात बुडालेला होता. "अहो, टॅग असतो ना त्यावर?" तो म्हणाला. "टॅग वाचता येत नाही असा एकतरी माणूस आहे का आपल्याकडे?" वाचता तर सगळ्यांनाच येत होतं.

थांबरावांचा मेहुणा त्यांच्याच टोळीत होता. बायकोचा धाकटा भाऊ, तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला. त्याला यार्डात घ्यायचं म्हटल्यावर ती आठवडाभर धुसफुसत होती. "तुमच्या त्या तारांत माझ्या भावाला नेऊ नका," ती म्हणाली. थांबराव म्हणाले, "माझ्या डोळ्यांसमोर राहील की." या वाक्यावर तिने होकार दिला. मेहुणा डावखुरा होता आणि त्याचा हात हलका होता. गंजून बसलेला बोल्ट दुसऱ्याने पाऊण तास शिव्या घालून सोडावा, तो हा शीळ वाजवत पाच मिनिटांत काढायचा. आता त्याचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, चार वर्षांची मुलगी होती, आणि बिऱ्हाड थांबरावांच्याच गल्लीत, दहा घरं सोडून.

ज्या दिवशी ते घडलं तो दिवस अगदी साधा होता. सकाळचे दहा वाजले होते. यार्डातली खडी तापायला लागली होती. तीन माणसं कामावर होती: थांबराव, मेहुणा आणि जाड्या नावाचा फिटर, जो खरं तर काडीसारखा होता. सगळा क्रम नेहमीसारखा झाला. कुलपं लागली, तारा जमिनीला जोडल्या, मोटरचं बटण खाली केलं, टॅग थांबरावांनी स्वतःच्या हाताने अडकवला. स्प्रिंगा रिकाम्या केल्या. ब्रेकरच्या यंत्राच्या डब्याचं झाकण उघडून स्प्रिंग दाखवणारा काटा पाहिला. रिकामी.

इथे थांबराव आणखी एक गोष्ट करत असत, जी कुठल्याच पुस्तकात लिहिलेली नव्हती. डब्यातला मोटरचा प्लगच ते उपसून काढायचे. बटण कुणी वर केलं तरी मोटर मेलेली. पण या ब्रेकरचा प्लग जुना होता, त्याच्या पिना वाकलेल्या होत्या. मागच्या वर्षी तो काढताना एक पीन तुटली होती, ती मिळवण्यात अर्धा दिवस गेला होता आणि वीज परत द्यायला उशीर झाला म्हणून बोलणी बसली होती. त्या सकाळी थांबरावांनी प्लगकडे पाहिलं. बटण खाली आहे, टॅग लावलाय, स्प्रिंग रिकामी आहे. राहू दे. या विचाराला किती वेळ लागला असेल? दोन श्वास.

मेहुण्याने फडकं घेतलं आणि मोटर ज्या साखळीने स्प्रिंग ताणते तिचं चाक व चौकट यांच्यामधलं जुनं, काळं पडलेलं ग्रीस पुसायला लागला. डाव्या हाताने. थांबराव चार पावलांवर वहीत आकडे लिहीत होते. जाड्या शिडी आणायला गेला होता.

त्याच वेळी कंट्रोल रूममध्ये शेजारच्या ब्रेकरचा इशारा वाजला. त्याच्या मोटरचं बटण आपोआप खाली पडलं होतं. ऑपरेटर नऊ वर्षांचा अनुभवी, सरळमार्गी माणूस. तो पॅनेलकडे गेला. शेजारी शेजारी दोन बटणं खाली. टॅग एकावरही नाही. बारीक तार सुटून टॅग पॅनेलच्या मागे पडला होता, हे मागाहून कळलं. एका हाताने फोन कानाला लावलेला, पलीकडून कुणीतरी "काय झालं, काय झालं" करतंय. त्याने दोन्ही बटणं वर केली.

मोटर घरघरली. थांबरावांच्या तोंडून "थांब" निघालं. ते कुणाला म्हणाले, मोटरला की मेहुण्याला, त्यांचं त्यांनाही कधी कळलं नाही. चार पावलं त्यांनी एका उडीत गाठली, प्लग धरला आणि पिनांसकट ओढून काढला. मोटर बंद पडली. सगळं मिळून तीन सेकंद झाले असतील.

पण त्या तीन सेकंदांत चाक फिरलं होतं, आणि मेहुण्याचा हात बोटांच्या पेरांपासून तळव्याच्या मध्यापर्यंत चाकाला जोडलेला दांडा आणि चौकट यांच्यामध्ये अडकला होता. तो ओरडला नाही. आश्चर्याने पाहिल्यासारखा हाताकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

"भाऊजी," तो म्हणाला, "उलटं फिरवा."

"उलटं फिरत नाही रे."

"मग सुलटं फिरवा."

सुलटं फिरवलं तर दांडा आणखी आत येणार होता. हे मेहुण्यालाही माहीत होतं. थांबरावांनीच त्याला शिकवलं होतं. स्प्रिंग अर्धवट भरलेली होती. पूर्ण भरली असती तर एक खिट्टी दाबून सोडता आली असती. रिकामी असती तर प्रश्नच नव्हता. अर्धी भरलेली स्प्रिंग पुढेही नेता येत नाही आणि मागेही.

ती सैल करायला एक लोखंडी साचा लागतो. तो स्प्रिंगला दोन्ही बाजूंनी पकडतो, मग स्क्रू फिरवत एकेक सूत सोडायची. पूर्ण विभागात मिळून तो साचा एकच होता, शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या भांडारात. जाड्या धावत परत आला. थांबरावांनी त्याला तीन कामं सांगितली: रुग्णवाहिका, भांडार, आणि कंट्रोल रूममध्ये जाऊन त्या पॅनेलसमोर उभं राहायचं, कुणालाही हात लावू द्यायचा नाही. जाड्या पहिली दोन फोनवर करत करतच पळाला.

मग थांबराव मेहुण्याच्या मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या काखांखालून हात घालून त्याला धरलं. त्याचे गुडघे वाकायला लागले होते. तो खाली बसला असता तर सगळा भार त्या हातावर आला असता. एवढं एकच काम करण्यासारखं होतं, ते थांबराव करत होते.

"टोपी काढा माझी," मेहुणा म्हणाला. त्यांनी हनुवटीने ढकलून त्याचं हेल्मेट पाडलं. त्याचे केस घामाने चिंब झाले होते.

"साचा निघालाय का?"

"निघालाय."

"खरं सांगा."

"निघालाय रे बाबा. गाडीत आहे."

रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली. नर्सने दंडात इंजेक्शन दिलं, मनगटाजवळ पाहिलं, आणि थांबरावांकडे बघून नुसती नकाराची मान हलवली. तिच्या मागोमाग अग्निशमनवाले आले. त्यांचा प्रमुख रुंद छातीचा, झपाझप चालणारा माणूस होता. त्याच्या हातात लोखंड कापायचं मोठं कटर होतं.

"ही साखळी कापतो," तो म्हणाला. "दोन मिनिटांत मोकळा."

"नाही," थांबराव म्हणाले.

"माणूस अडकलाय आणि तुम्ही नाही म्हणता?"

"ती साखळी स्प्रिंगला धरून आहे. ती तुटली की स्प्रिंग एका झटक्यात सुटेल. दांडा कुणीकडे जाईल सांगता येत नाही. याचा हात खांद्यातून उखडेल, आणि तुमचं डोकं त्याच रेषेत आहे."

प्रमुख अर्धं पाऊल मागे सरकला. "हे तुम्ही पक्कं सांगताय?"

थांबराव खोटं बोलू शकले असते. "पक्कं नाही," ते म्हणाले. "पण मी कापू देणार नाही."

"भाऊजी," मेहुणा पुटपुटला, "कापू द्या ना. गेला तर जाऊ दे हात. हे बंद करा."

"थोडं राहिलंय."

"तुमचा हात आहे का आत? कापू द्या म्हणतो ना मी!" आणि मग त्याने आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या नवऱ्याला शिवी दिली. एक नाही, एकामागून एक, यार्डात शिकलेल्या सगळ्या. थांबराव त्याला तसेच धरून उभे राहिले. अग्निशमनवाले दुसरीकडे बघायला लागले. शिव्या संपल्यावर मेहुणा लहान मुलासारखा रडला, आणि रडणं संपल्यावर काहीच बोलला नाही. ते सगळ्यात वाईट होतं. थांबराव सारखे त्याच्या कानाशी बोलत राहिले. काय बोलले ते नंतर त्यांना आठवेना. बहुतेक गल्लीतल्या लोकांबद्दल असावं.

साचा आला तेव्हा अपघाताला सत्तावन्न मिनिटं झाली होती. थांबरावांचे हात इतके बधिर झाले होते की त्यांना पाना धरता येईना. स्क्रू जाड्याने फिरवला. थांबराव सांगत गेले, तो फिरवत गेला. स्प्रिंग सैल झाली, तेव्हा कुठे चाक हाताने उलटं ढकलता आलं, आणि हात बाहेर आला.

तीन बोटं गेली, आणि त्यांच्याखालचा तळव्याचा भाग. अंगठा आणि शेजारचं बोट राहिलं, पण शेजारचं बोट वळत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आला तेव्हा थांबरावांची बायको आणि मेहुण्याची बायको एकाच बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर थकलेला होता. "जवळजवळ तासभर रक्त पोचलं नाही," तो म्हणाला. "लवकर निघाला असता तर दोन बोटं वाचली असती. कदाचित." शेवटचा शब्द तो हळू बोलला. थांबरावांच्या बायकोने तो ऐकला की नाही, कोण जाणे.

चार दिवस ती नुसती कामं उरकत होती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, इस्पितळात जायची. पाचव्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "तुम्ही तिथेच होता ना?"

"होतो."

"कापणारे आले होते ना?"

"आले होते."

"मग?"

थांबरावांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. साखळी कुठे असते, दांडा कुठे, जोर कुणीकडे. हातवारे केले. तिच्या हातातला टॉवेल घेऊन पिळून दाखवला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला स्प्रिंग कळत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच कळतं की तो कापा म्हणत होता आणि तुम्ही नाही म्हणालात." तिने त्यांच्या हातातून टॉवेल काढून घेतला आणि पुन्हा त्याची घडी घातली.

चौकशी महिन्याभराने झाली. लांब टेबल, तीन माणसं, पाण्याचे झाकलेले ग्लास. टॅग लावला होता का? लावला होता. कशावरून? तो पॅनेलच्या मागे सापडला, त्यावर माझी सही आहे. आणखी काही सांगायचंय?

"प्लग काढायला हवा होता," थांबराव म्हणाले. "मी काढला नाही."

टेबलाच्या मधल्या माणसाने कागद चाळले. "पद्धतीत तसं कुठे लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही. पण मी दरवेळी काढत होतो."

"जे लिहिलेलं नाही ते आम्ही नोंदवू शकत नाही."

मग थांबरावांनी कुलपाच्या पट्टीचं सांगितलं. दोनदा लिहिलं होतं, एकदा तोंडी बोललो होतो. नोंदवही मागवली. ती आली, पण ती चालू वर्षाची होती. जुन्या वह्या अभिलेख कक्षात गेल्या होत्या आणि त्या शोधायला वेळ लागणार होता. साहेबाला तोंडी बोलणं आठवत नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच आठवत नव्हतं. ऑपरेटर खुर्चीत वाकून बसला होता. त्याच्यासाठी थांबराव बोलले, म्हणाले की टॅग नसताना कुणीही बटण वर केलं असतं, मीही केलं असतं. ते चौकशीवाल्यांनी लिहून घेतलं.

ब्रेकर बनवणाऱ्यांकडूनही एक तज्ज्ञ आला होता. त्याला थांबरावांनी व्हरांड्यात गाठलं. "साखळी कापली असती तर काय झालं असतं?" तज्ज्ञाने खिशातून पेन काढलं, भिंतीवर चित्र काढायला गेला, मग थांबला. "दांडा चाकाच्या वरच्या अंगाला असेल तर तुम्ही म्हणता तसं. मधल्या जागेच्या खाली असेल तर तो बहुधा जागीच राहिला असता. कुठे होता?" थांबरावांना ते नेमकं सांगता येईना. ते मेहुण्याच्या मागे उभे होते, त्यांना त्याचं डोकं दिसत होतं. अहवालात ओळ आली, "निश्चित सांगता येत नाही."

ऑपरेटर निलंबित झाला. थांबरावांना यार्डातून काढून कामाची परमिटं लिहिण्याच्या टेबलावर बसवलं. खिडकीतून ब्रेकर दिसत. टोळी कामाला जाताना दिसे, कुणी शिडीवर चढताना दिसे, पण काचेतून आवाज बाहेर जात नव्हता, आणि "थांब" म्हणण्याचा आता त्यांना अधिकारही नव्हता. एकदा ते उठून बाहेर गेले आणि नव्या फोरमनला म्हणाले, प्लग काढलास का? तो आदराने म्हणाला, "पद्धतीत नाही, पण बघतो." ते परत येऊन बसले. सात महिन्यांनी सगळ्या उपकेंद्रांना परिपत्रक आलं. कुलपाच्या पट्टीचा त्यात उल्लेख नव्हता. यापुढे टॅग जाड तारेने बांधावेत, असं लिहिलं होतं. थांबरावांनी ते वाचून पोच लिहून दिली.

मेहुण्याला दूरध्वनीच्या कक्षात बसवलं. तो उजव्या हाताने लिहायला शिकत होता, अक्षर मुंगीच्या पायांसारखं निघायचं. थांबरावांशी तो अतिशय नीट वागायचा. या बसा, चहा घेणार का, ताई कशी आहे. शिव्या दिल्याबद्दल एकदा त्याने माफीही मागितली, आणि थांबरावांना वाटलं की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

एका सकाळी ते त्याच्याकडे गेले. मेहुण्याची बायको नळावर गेली होती. मुलगी शाळेच्या सदऱ्यात बापासमोर उभी होती आणि तो उजव्या हाताने तिची बटणं लावत होता. डावा हात कडेला आधार देत होता, पण सदरा सारखा निसटत होता. दोन बटणं लागली, तिसरं लागेना. थांबराव खुर्चीतून उठले.

"राहू द्या, भाऊजी."

ते खाली बसले. मुलगी कंटाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर गेली, पण तिथून हलली नाही. तिला सवय झाली होती.

"एक विचारू?" मेहुणा बटणाकडे बघतच म्हणाला. "खरंच कापता आलं नसतं?"

थांबरावांनी मुलीचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मला वाटलंच," मेहुणा म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने मुलीला जरा उजेडाकडे वळवलं आणि तिसरं बटण पुन्हा चिमटीत धरलं.